घरी बनवलेल्या आर्केड कॅबिनेटला वारा आणि फिनिशिंग: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

सांगाडा उभा राहिला, मॉनिटर बसला, जॉयस्टिक आणि बटणं लागली, मुस्तफा गेम सुरू झाला आणि घरातले सगळे एकेकदा खेळून पण गेले, की वाटतं झालं बुवा आपलं मशीन. मला पण तसंच वाटलं होतं. मी मागचं दार स्क्रूने बंद केलं, कॅबिनेट ढकलून भिंतीला लावलं, आणि मे महिन्यातल्या एका दुपारी मुलं तासभर खेळल्यावर गेम अडकायला लागला, आवाज तुटायला लागला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात थर्मामीटरचं चित्र आलं. दार उघडून आत हात घातला तर कुकरचं झाकण काढल्यावर तोंडावर येते तशी गरम हवा. दार नसताना हेच मशीन दोन आठवडे न कुरकुरता चाललं होतं.

तेव्हा जे कळलं तेच या सगळ्या लेखात आहे. कॅबिनेट थंड ठेवणं आणि ते सजवणं हे एकच काम आहे, कारण सजावटीची प्रत्येक गोष्ट हवेची एक वाट बुजवते. दार लावलं की एक वाट गेली, मॉनिटरपुढे अ‍ॅक्रिलिक आलं की दुसरी, मार्कीचा, म्हणजे वरच्या दिव्याच्या नावफलकाचा, डबा बंद केला की तिसरी. म्हणून आधी हवेचं काम करायचं, मग सगळं बंद करून तापमान मोजायचं, आणि आकडे बरे आले की मगच रंग, सनमायका, स्टिकर. उलट्या क्रमाने केलं तर महागातल्या स्टिकरमधूनच भोक पाडायची वेळ येते, मी पाडलंय, फार वाईट वाटतं.

मी ऐरोलीला राहतो, खाडी जवळ, त्यामुळे खालचं सगळं आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या हवेला धरून आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत यातलं थोडं सैल सोडलं तरी चालेल, इथे नाही.

आत नक्की काय तापतंय

आधी आतल्या वस्तूंचे वॅट मोजा. माझ्यात जुना १९ इंची एलसीडी मॉनिटर आहे, तो साधारण २५ ते ३० वॅट घेतो, रास्पबेरी पाय ४ (ज्यावर गेम चालतो तो छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय म्हणतो) खेळताना ६-७ वॅट, मार्कीची एलईडी पट्टी ८-९ वॅट, अ‍ॅम्प्लिफायर ५ धरा, आणि एसएमपीएस, म्हणजे या सगळ्याला १२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय, स्वतः जे तापतो ते वेगळं. सगळं मिळून ५०-६० वॅट झाले. आकडा छोटा वाटतो पण जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला हात लावलेला आठवतोय ना, तो बल्ब लाकडी कपाटात बंद करून तासभर चालू ठेवायचा असं समजा.

आता हवा किती लागेल ते काढायची सोपी रीत आहे. एकूण वॅटला १.७६ ने गुणा आणि खोलीपेक्षा आत किती डिग्री जास्त चालेल त्या आकड्याने भागा, उत्तर येतं ते सीएफएम, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा बाहेर जायला हवी. ६० वॅट आणि ५ डिग्री धरले तर २१ सीएफएम येतात. कॉम्प्युटरच्या साध्या १२० मिमी फॅनच्या खोक्यावर ४०-५० सीएफएम लिहिलेलं असतं, तो आकडा मोकळ्या हवेतला, समोर जाळी आणि आत वायरींचं जंगल आलं की त्याच्या निम्मा धरा. म्हणजे एक चांगला १२० चा फॅन बरोबर पुरतो. उगाच चार फॅन लावू नका, आवाज वाढतो आणि धूळ चौपट खेचली जाते.

पण एक लक्षात ठेवा, फॅन खोलीपेक्षा थंड हवा आणू शकत नाही. मे महिन्यात दुपारी घरातच ३५ असेल तर आत ४० होणारच. त्यामुळे पायला स्वतःचा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, हवाच. पाय ४ आणि पाय ५ दोन्ही ८० डिग्रीला पोचले की स्वतःचा वेग कमी करायला लागतात आणि ८५ ला अजून आखडतात, पाय ३ बी प्लस तर ६० डिग्रीलाच १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर उतरतो. पाय ५ असेल तर त्याचा अधिकृत अ‍ॅक्टिव्ह कूलर घ्या, विचार करत बसू नका. पाय ४ ला जाड अ‍ॅल्युमिनियमची केस मिळते, ती सगळीच हीटसिंकचं काम करते, आवाज शून्य, मला तीच आवडते. जुना ऑफिसचा पीसी वापरत असाल तर त्याचं कॅबिनेट काढून टाकायच्या भानगडीत न पडता अख्खा डबा आत ठेवा, फक्त त्याच्या फॅनचं तोंड आपल्या बाहेर जाणाऱ्या फॅनकडे करा.

स्क्रीनवर थर्मामीटरऐवजी पिवळी वीज चमकत असेल तर तो उष्णतेचा मामला नाही, पायला व्होल्टेज कमी पडतंय, ४.६३ च्या खाली गेलं की ते चित्र येतं. मोबाईलचा चार्जर लावलेला असतो बहुतेक वेळा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा, पाय ५ ला २७ वॅटचा अ‍ॅडॉप्टर लागतो. ही दोन चित्रं नवीन माणूस हमखास गोंधळतो आणि फॅनवर फॅन लावत बसतो.

सीआरटी म्हणजे जुना डबा टीव्ही बसवला असेल तर त्याच्या आत अजिबात हात घालू नका, पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर असतं आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहू शकतं. त्याच्यासाठी फक्त मागे भरपूर जागा आणि भोकं ठेवा, बाकी टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे.

फॅन कुठे आणि कसा

गरम हवा वर जाते, म्हणून बाहेर फेकणारा फॅन मागच्या बाजूला सगळ्यात वर, आणि आत यायची वाट सगळ्यात खाली. वाट अशी हवी की खालून आलेली हवा एसएमपीएस, पाय, मॉनिटरची पाठ यांच्यावरून जात जात वर निघेल. फॅनच्या अंगावर बाणाची खूण असते, नसेल तर ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या दांड्या दिसतात त्या बाजूने वारा बाहेर पडतो. ती बाजू कॅबिनेटच्या बाहेर.

विकत घेताना स्लीव्ह बेअरिंग टाळा, विशेषतः फॅन छतावर आडवा बसवणार असाल तर, ते गरम हवेत आणि आडवं ठेवलं की लवकर घरघरायला लागतात. फ्लुइड किंवा बॉल बेअरिंग थोडं महाग पडेल पण एकदाच घ्यायचं. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो होतो, ठाण्याहून दादर आणि तिथून ग्रँट रोड, एका फेरीत फॅन, जाळी, एसएमपीएस, थर्मोस्टॅट सगळं मिळालं आणि हातात घेऊन बघता आलं. तिथे २३० व्होल्टवर चालणारे चौकोनी लोखंडी फॅन पण मिळतात, इलेक्ट्रिकच्या पॅनेलमधे लावतात ते, वारा जोरदार पण आवाज इतका की गेमचं म्युझिक ऐकू येत नाही. घरात नको.

आता भोक. १२० च्या फॅनला साधारण ११६ मिमीचं गोल भोक आणि चार स्क्रूची भोकं १०५ मिमी अंतरावर लागतात, ८० चा फॅन असेल तर स्क्रूचं अंतर ७१.५. फॅन कागदावर ठेवून पेन्सिलने छापा काढा, तो कागद प्लायवर चिकटवा आणि जिगसॉने कापा, एवढ्या मोठ्या होल सॉच्या मागे लागू नका. ६ मिमीचं मागचं दार असेल तर ४० मिमी लांबीचे एम ४ बोल्ट पुरतात, १८ मिमीच्या प्लायला ५० मिमीचे घ्या कारण फॅनच २५ मिमी जाड असतो. फॅन आणि प्लायच्या मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचे छोटे तुकडे वॉशरसारखे घाला. या एका गोष्टीने माझ्या मशीनची रात्रीची घूं घूं निम्म्यावर आली, कारण आवाज फॅनपेक्षा जास्त त्या पातळ दाराच्या थरथरण्याचा होता.

खालच्या वाटेचं माप लोक नेहमी छोटं ठेवतात. १२० च्या फॅनचं तोंड अंदाजे ११३ चौरस सेंटीमीटर होतं, तेवढी तरी मोकळी जागा खाली हवी, आणि जाळी लावली की तिच्या तारा जागा खातात म्हणून १० बाय २० सेंटीमीटरचा झरोका कापा म्हणजे हिशोब जमतो.

जाळी लावायचीच. धूळ तर आहेच, पण आपल्याकडे खरा प्रश्न झुरळ आणि पाल. उबदार, अंधारी, कोणी न हात लावणारी जागा त्यांना अजून काय पाहिजे, आणि पाल एसएमपीएसच्या टर्मिनलवर चढली तर ती पण जाते आणि एसएमपीएस पण. खिडकीला डासांसाठी लावतात ती बारीक अ‍ॅल्युमिनियमची जाळी खालच्या झरोक्याला आतून स्टेपल करा. वर फॅनला बाहेरून लोखंडी गार्ड आणि त्याच्या आत तीच जाळी, लहान बोटं पण सुरक्षित राहतात. खालची जाळी दोन महिन्यांनी निघेल अशी ठेवा, ब्रशने झाडता आली पाहिजे. घोडबंदर रोडसारख्या धुळीच्या रस्त्याला लागून घर असेल तर महिन्याला झाडा.

आणि भिंतीपासून चार इंच. हे सांगून कोणी ऐकत नाही, लादी पुसताना घरातलं कोणीतरी कॅबिनेट मागे ढकलतंच, म्हणून मागच्या बाजूला चार इंची लाकडाचे दोन ठोकळे स्क्रूने बसवून टाका, ढकललं तरी तिथेच थांबतं.

वीज, थोडक्यात पण नीट

१२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस फॅन, मार्कीची पट्टी आणि अ‍ॅम्प्लिफायर तिघांना सहज पुरतो. त्याचे टर्मिनल उघडे असतात त्यामुळे त्यावर प्लास्टिकचं झाकण हवंच, आणि तो मॉनिटरच्या खाली, खालच्या झरोक्याच्या वाटेत बसवा. मागे फ्यूज आणि स्विच असलेलं कॉम्प्युटरसारखं पॉवर सॉकेट लावलं की काम स्वच्छ दिसतं आणि वायर ओढली गेली तरी आत काही तुटत नाही. तिसरी पिन म्हणजे अर्थिंग नुसतं सॉकेटपर्यंत नको, कंट्रोल पॅनेल किंवा कॉईनचं दार लोखंडी असेल तर त्यालाही हिरवी वायर जोडा, पावसाळ्यात ओल्या हाताने मुलं खेळतात. २३० व्होल्टचं हे एवढं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं तर अर्ध्या तासाचं आहे, पहिल्यांदा करताय तर घ्याच करून.

फॅनला तीन किंवा चार वायरी दिसतील तर घाबरू नका. पहिली पिन ग्राउंड, दुसरी प्लस १२, बाकी वेग सांगायला आणि बदलायला असतात, त्या मोकळ्या सोडल्या तरी फॅन पूर्ण वेगात फिरतो. पूर्ण वेगाचा आवाज त्रास देत असेल तर मधे एक छोटा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारं बोर्ड, लावून ८-९ व्होल्टवर आणा. थेट ५ व्होल्टवर काही फॅन सुरूच होत नाहीत, बोटाने ढकलल्यावर फिरतात, म्हणजे एखाद्या दिवशी बंदच राहणार आणि तुम्हाला कळणार नाही.

मी डब्ल्यू १२०९ नावाचं स्वस्तातलं थर्मोस्टॅट बोर्ड लावलंय, त्याला एक वायरीचा सेन्सर असतो, तो वरच्या कोपऱ्यात टांगायचा, बोर्ड कूलिंगच्या मोडवर ठेवून ३८-४० डिग्री सेट केलं की थंडीत फॅन गप्प बसतो आणि गरज लागली की टक करून चालू होतो. मे महिन्यात मात्र तो जवळजवळ कायम चालू राहणार हे धरून चला.

उदबत्तीची परीक्षा

आता सगळं बंद करा, अगदी उद्या पाहुणे येणार असल्यासारखं. मार्कीला तात्पुरता पुठ्ठा, मॉनिटरपुढे पुठ्ठा, दार बंद, भिंतीपासून तेवढंच अंतर. एक उदबत्ती लावून खालच्या झरोक्यापाशी धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे आणि वरच्या फॅनमधून बाहेर दिसला पाहिजे. मग उदबत्ती कंट्रोल पॅनेलच्या सांध्यांवरून, मॉनिटरच्या कडेवरून फिरवा. तिथूनही धूर आत जात असेल तर फॅन खालून हवा न घेता जवळच्या फटीतून घेतोय, म्हणजे खालचं सामान तापतंच राहणार. त्या फटींना फोमची पट्टी चिकटवा, खिडक्यांना लावतात ती. माझ्याकडे फॅनच्या जवळच मार्कीच्या मागची फट होती, सगळी हवा तिथूनच गोल फिरत होती, आणि मी मात्र फॅनच लेचापेचा आहे म्हणून दुसरा आणायला निघालो होतो.

त्यानंतर फिश टँकला लावतात तसला वायरवाला डिजिटल थर्मामीटर आत वर टांगा, दुपारी एक तास जड गेम चालवा आणि चार आकडे कागदावर लिहा: खोली, आत खाली, आत वर, आणि पायचं स्वतःचं तापमान जे टर्मिनलमधे कमांड देऊन दिसतं. आतला वरचा आकडा खोलीपेक्षा ५-७ डिग्रीने जास्त आणि पाय ७० च्या आसपास किंवा खाली असेल तर पुढे जा. माझा पाय आधी ८२ ला जात होता, फट बुजवल्यावर आणि अ‍ॅल्युमिनियमची केस घातल्यावर त्याच फॅनने ६४ वर थांबला. हा कागद जपून ठेवा, फिनिशिंग झालं की हीच परीक्षा परत द्यायची आहे.

लाकडाला आधी पाण्यापासून वाचवा

एमडीएफ वापरलं असेल तर त्याचा सपाट भाग टिकतो पण कापलेली कड पाणी प्यायला बसलेली असते. जून ते सप्टेंबर आपल्या हवेतच इतका ओलावा असतो की उघडी कड पावासारखी फुगते आणि एकदा फुगली की परत खाली बसत नाही. त्यात रोज लादी पुसली जाते. माझ्या पहिल्या कॅबिनेटची खालची कड फडक्याच्या पाण्याने एका पावसाळ्यात गेली. म्हणून दोन कामं: प्रत्येक कापलेली कड, फॅनचं भोक आणि झरोक्याची आतली कड धरून, सील करायची, आणि कॅबिनेटला खाली इंचभर उंच नायलॉनचे किंवा रबरी पाय लावायचे. सील करायला फेविकॉलमधे थोडं पाणी घालून दोन हात मारा, वाळला की १८० किंवा २२० च्या पॉलिश पेपरने घासा, मग लांबी (पुट्टी) भरा, परत घासा, मग प्रायमर. बटणांच्या भोकांच्या आत पण मारा, घामाचे हात तिथेच असतात.

अजून लाकूड घ्यायचंच असेल तर प्लाय घ्या, आणि खालच्या भागाला तरी आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन. वजन जास्त, पैसे जास्त, पण इथल्या हवेत तो वाकत नाही. शीट ८ बाय ४ फुटाची असते, दुकानातच मापाने कापून घेतली तर रिक्षा टेम्पोत मावते आणि सोसायटीच्या लिफ्टमधे पण जाते, हा विचार आधी करा.

रंग की सनमायका

माझं स्पष्ट मत, बाजूच्या मोठ्या पट्ट्यांना सनमायका आणि आतल्या भागाला रंग. १ मिमीचा सनमायका ओरखडे झेलतो, ओल्या फडक्याने पुसता येतो आणि त्यावर स्टिकर सुंदर बसतो, फक्त गुळगुळीत घ्या, खरखरीत टेक्स्चरवर स्टिकरच्या कडा सुटतात. लावताना साधा फेविकॉल आणि वर वजन, किंवा एसआर ९९८ सारखं रबरी अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबून, बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबायचं. ते अ‍ॅडहेसिव्ह पटकन पेट घेतं आणि डोकं गरगरतं, खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, उदबत्ती सगळं बंद.

रंगवायचंच असेल तर पावसाळ्यात नका. एनसी लॅकर, म्हणजे लाकडावर मारतात ते पटकन वाळणारं पॉलिश, ओल्या हवेत पांढरट पडतो आणि ऑइल पेंट वाळल्यासारखा दिसतो पण आतून कच्चा राहतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा इथला उत्तम काळ. दोन पातळ हात, मधे ४०० च्या वॉटर पेपरने हलकं घासणं, घाई नाही. मॉनिटरच्या आजूबाजूची आतली जागा मात्र मॅट काळीच करा, चकचकीत काळ्यात स्क्रीनचं प्रतिबिंब दिसत राहतं आणि सगळा व्हिडिओ गेम पार्लरचा भास निघून जातो. फॅनच्या पात्यांना आणि जाळीला रंग मारू नका, पात्यांचा तोल जातो आणि जाळीची भोकं बुजतात.

कडा

जुन्या पार्लरच्या मशीनला बाजूने जी गोल प्लास्टिकची पट्टी असायची तिला टी मोल्डिंग म्हणतात. ती बाहेर पाऊण इंच म्हणजे १९ मिमीच्या बोर्डासाठी बनते, आपला बोर्ड १८ चा, त्यामुळे मिलिमीटरभर बाहेर राहते, शिवाय कडेला मधोमध खाच पाडायला राऊटर आणि वेगळं पातं लागतं. हात बसलेला सुतार असेल तर जरूर करा. नाहीतर २२ मिमी रुंद पीव्हीसी एज बँड घ्या, मॉड्युलर किचनचं सामान ठेवणाऱ्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, २ मिमी जाडीची घेतली तर कोपरा छान गोल करता येतो. अ‍ॅडहेसिव्हने लावा, दिवसभर सोडा, मग जास्तीची कड धारदार पटाशीने काढून बारीक पॉलिश पेपर फिरवा. काळ्या सनमायकाला लाल एज बँड, एवढ्याने पण घरात आलेला माणूस आधी हात फिरवून बघतो.

स्टिकर

फ्लेक्स-बॅनरच्या दुकानात फ्लेक्स नाही, सेल्फ अ‍ॅडेसिव्ह व्हिनाइल मागा आणि त्यावर मॅट लॅमिनेशन, चकचकीत नको, ट्यूबलाइट दिसते. फाइल पूर्ण मापात, निदान १५० डीपीआय, रंग सीएमवायकेमधे (छपाईच्या चार रंगांत), आणि चारी बाजूंना २५ मिमी जास्तीचं चित्र ठेवा म्हणजे कापायला वाव राहतो. दुकानदार बहुतेक कोरलड्रॉ वापरतात, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून दिलीत तर फॉन्ट बदलत नाही, मराठी अक्षरं असतील तर हे नक्की करा, नाहीतर वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. आधी ए ४ एवढा तुकडा छापून घ्या आणि घरच्या उजेडात बघा. फॅन आणि झरोक्याची जागा चित्रात आधीच मोकळी ठेवा.

रंगावर लावणार असाल तर रंग निदान आठवडाभर, ओल्या दिवसात त्याहून जास्त वाळू द्या. कच्च्या रंगातून वाफ निघत राहते आणि स्टिकरखाली फोड येतात, ते नंतर कितीही दाबले तरी परत येतात. लावायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बाटलीत पाणी आणि दोन थेंब शाम्पू घालून सनमायकावर फवारा, स्टिकर ठेवा, सरकवून जागेवर आणा, आणि मधून बाहेर असं स्क्विजीने पाणी काढत या. ही ओली पद्धत सनमायका आणि नीट रंगवलेल्या लाकडावरच, उघड्या एमडीएफवर चुकूनही नाही. दोन माणसं लागतात, एकट्याने करायला जाऊ नका. राहिलेला फुगा बारीक टाचणीने टोचून दाबला की बसतो. कडा दुसऱ्या दिवशी कापा.

मार्की आणि मॉनिटरची काच

मार्कीला पुढे ३ मिमी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, मधे बॅकलिट फिल्मवर छापलेलं चित्र, मागे ३ मिमी दुधाळ अ‍ॅक्रिलिक, आणि त्याच्यामागे पाच-सहा सेंटीमीटरवर एलईडी पट्टी. अंतर कमी ठेवलं तर प्रत्येक एलईडीचा ठिपका दिसतो. मीटरला १४.४ वॅटची जी ५०५० वाली पट्टी मिळते तिचे ६० सेंटीमीटर म्हणजे ८-९ वॅट, ती अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवा, लाकडावर थेट चिकटवली की तापून गोंद सुटतो. मार्कीचा डबा म्हणजे कॅबिनेटचं सगळ्यात वरचं टोक, तिथे गरम हवा अडकतेच, म्हणून त्याच्या मागच्या फळीला वरच्या बाजूने ओळीने सात-आठ भोकं पाडा आणि खालच्या कडेला पण तेवढीच, जाळी दोन्हीकडे. भोकं बाहेरच्या बाजूला उघडू द्या, आतल्या कप्प्यात नको, नाहीतर फॅन परत तिथलीच हवा गोल गोल फिरवेल.

अ‍ॅक्रिलिक घरी कापायच्या फंदात पडू नका. रबाळे किंवा वागळे इस्टेटमधे लेझर कटिंगवाले भरपूर आहेत, फाइल आणि माप द्या, बटणांची भोकं पण त्यांच्याकडूनच पाडून घ्या. कंट्रोल पॅनेलवर छापील चित्र आणि वर २ मिमी अ‍ॅक्रिलिक लावलं तर वर्षानुवर्षं चित्र झिजत नाही, बटणं ३० मिमीची असतील तर भोक ३० चंच सांगा, पण आपलं बटण हातात घेऊन मोजून मगच, कारण स्वस्त बटणांची मापं थोडी मागेपुढे असतात. वरचा संरक्षक कागद सगळ्यात शेवटी काढा. मॉनिटरपुढे मी अ‍ॅक्रिलिक न लावता ४ मिमीची टफन्ड काच घेतली, पुसून पुसून ओरखडे पडत नाहीत. काचेच्या मागे काळ्या कार्डशीटची चौकट कापून लावली की मॉनिटरची प्लास्टिकची कड झाकली जाते आणि तो जुना खोल पडदा असल्यासारखा वाटतो. काच आणि मॉनिटरच्या मधल्या जागेला वर-खाली अर्ध्या इंचाची फट ठेवा, मॉनिटरच्या पाठीवरचे झरोके तर कधीच झाकू नका.

बंद करायच्या आधी

आतल्या वायरी बांधा, जास्त आवळू नका, आणि फॅनच्या पात्यांपासून हातभर लांब ठेवा. स्पीकर, फॅन, मार्की, पाय अशी मास्किंग टेपची चिठ्ठी प्रत्येक वायरीला लावा. मागचं दार स्क्रूने न ठोकता बिजागरी आणि मॅग्नेट कॅचवर बसवा, मग जाळी झाडणं खरंच होतं. पावसाळ्यात मशीन बरेच दिवस पडून राहणार असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास नुसतं चालू ठेवा, आतल्या थोड्या उष्णतेने ओल निघून जाते आणि बटणांचे कॉन्टॅक्ट हिरवे पडत नाहीत.

मग परत उदबत्ती, परत तासभर गेम, परत चार आकडे, आधीच्या कागदाशेजारी लिहा. दोन-तीन डिग्री वाढले असतील तर ठीक, दहा वाढले असतील तर स्टिकर किंवा काच लावताना कुठलीतरी वाट बुजलीये, ती शोधा. तो कागद, फ्यूज किती अँपिअरचा, फॅन कधी बसवला, जाळी शेवटची कधी झाडली, हे सगळं दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका, पुढच्या मे महिन्यात उघडाल तेव्हा पहिल्यांदा तेच वाचायचं आहे.